सासूबाईंचा रिलॅक्सर, नणंदेचे लॉक्स, भाचीचा सिल्क प्रेस आणि मधे माझी नऊ वर्षांची लेक

शेवंती:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. नवरा ब्लॅक अमेरिकन, बाल्टिमोरचा. आम्हाला नऊ वर्षांची मुलगी आहे आणि तिचे केस अगदी बाबावर गेलेत, दाट, घट्ट कुरळे, ओले असताना पाठीवर येतात आणि वाळले की आक्रसून कानाशी येऊन बसतात. लहान होती तोवर दोन अंबाडे घातले की काम झालं. गेल्या महिन्यात शाळेतून आली आणि म्हणाली, आई मला हलणारे केस हवेत. मला आधी कळलंच नाही, मग तिने मान इकडे तिकडे करून दाखवली, हे असं केलं की जे हलतात ना तसे. रात्रभर मला झोप नाही.

आता घरची परिस्थिती. सासूबाई ७४ वर्षांच्या, गेली चाळीसेक वर्षं दर सहा-आठ आठवड्यांनी रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं केमिकल, करतात, त्यांचं म्हणणं पोरगी मोठी होतेय, एकदा केस सरळ करून घे, रोजची रडारड थांबेल. नणंद ४६ ची, तिला आठव्या वर्षापासून रिलॅक्सर होता, २०११ मध्ये एक दिवस बाथरूममध्ये उभं राहून तिने सगळे सरळ केस कापून टाकले आणि आता तिचे कमरेपर्यंत लॉक्स, म्हणजे जटांसारखे वळवलेले केस, आहेत, ती म्हणते माझ्या भाचीच्या डोक्याला केमिकल लावलंत तर मी घरात पाऊल टाकणार नाही. आणि गंमत म्हणजे तिचीच मुलगी, म्हणजे आमची भाची, १९ वर्षांची, जन्मापासून नॅचरल, केमिकल न लावता वाढलेली, कॉलेजात गेल्यावर आधी सिल्क प्रेस (इस्त्रीने तात्पुरते सरळ केलेले केस), मग विग, आणि आता म्हणते मी रिलॅक्सर करणार, मला रविवारचा अख्खा दिवस केस धुण्यात घालवायचा नाही. नणंद रडली त्यावरून.

मी बाहेरून आलेली. माझे स्वतःचे केस सरळ, मला या सगळ्यातलं काही कळत नाही आणि मत द्यायला तोंडही उघडवत नाही. पण मुलगी माझी आहे. म्हणून विचारते, हे असं एका पिढीत इकडे आणि पुढच्या पिढीत तिकडे का चाललंय, रिलॅक्सरचा धोका खरंच किती, आणि सासूबाईंना न दुखावता नाही कसं म्हणू?

जुनी_वही:

शेवंती, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी शिकागोत आहे, ब्लॅक इतिहासाचं वाचन हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर लिहिते, बाकीचं जाणकार सांगतील.

आधी एक डोक्यातून काढा, की पूर्वी सगळ्या केस सरळ करायच्या आणि आता सगळ्या नॅचरल झाल्या. असं सरळ कधीच नव्हतं. लुइझियानात १७८६ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर मिरोने हुकूम काढला की ब्लॅक आणि मिश्र वंशाच्या स्वतंत्र बायकांनी डोक्याला फडकं बांधायचं, केस दाखवायचे नाहीत, कारण त्यांच्या केशरचना फार उठून दिसत होत्या. बायकांनी काय केलं तर तेच फडकं रंगीत, झोकदार बांधून त्याचाच दागिना केला. म्हणजे केसांवर बाहेरचा नियम आणि त्यातून यांनी काढलेली वाट, हे सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे.

मग मॅडम सी. जे. वॉकर. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७ चा, सेंट लुइसला धुणी धुवायची, स्वतःचे केस गळायला लागले म्हणून या धंद्यात आली. तिने केस सरळ करायला तापवायचा कंगवा शोधला असं सगळीकडे लिहितात ते चूक आहे, तो आधीपासून होता. तिचं मुख्य उत्पादन डोक्याच्या कातडीला लावायचं मलम होतं, आणि ते कसं विकायचं हे ती आधी अ‍ॅनी टर्नबो मलोन या दुसऱ्या ब्लॅक उद्योजिकेकडे शिकली. १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना काढला आणि हजारो बायकांना विक्रीचं काम दिलं, ज्यांना त्या काळात मोलकरीण आणि धोबीण सोडून दुसरं काम मिळत नव्हतं. म्हणून या केसांच्या धंद्याकडे नुसतं गोऱ्यांची नक्कल म्हणून बघितलेलं मला आवडत नाही, त्यात बायकांची भाकरी होती.

तुमच्या सासूबाई ७४ च्या म्हणजे लहानपणी त्यांनी गॅसवर तापवलेला कंगवा नक्की सोसला असणार. ईस्टरच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचं, स्वतःचा कान हाताने दुमडून धरायचा, आणि मानेवरचे जे अगदी बारीक गुंतलेले केस असतात त्यांना चटका लागायचा. त्या केसांना या बायका किचनच म्हणतात, विचारून बघा. आणि अजून एक विचारा, १९७० च्या आसपास त्यांचा अ‍ॅफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुलवलेले कुरळे केस, होता का. माझी पैज आहे की होता. त्या पिढीने केस सोडून दाखवले आहेत, नॅचरलची लाट यूट्यूबने आणली नाही. शिकागोचीच जॉन्सन प्रॉडक्ट्स कंपनी बघा, १९५४ ला केस सरळ करायच्या मालावर सुरू झाली आणि साठच्या दशकात वारं फिरल्यावर नॅचरल केसांसाठीचं अ‍ॅफ्रो शीन विकायला लागली, १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर गेली, तिथे नोंदलेली पहिली ब्लॅक मालकीची कंपनी.

मग अ‍ॅफ्रो गेला कुठे? नोकरीत गेला. १९८१ मध्ये रेने रॉजर्स नावाच्या बाईने अमेरिकन एअरलाइन्सवर दावा लावला होता, ती विमानतळावर कामाला होती आणि कंपनीने तिला कॉर्नरोज, म्हणजे डोक्यालगत घातलेल्या वेण्या, घालायला मनाई केली. न्यूयॉर्कच्या कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, का तर वेणी ही जन्मजात गोष्ट नाही, सोडता येते. वर कंपनीचं म्हणणं की हिने ती वेणी घातली तीच मुळी बो डेरेक या गोऱ्या नटीने १९७९ च्या सिनेमात घातल्यानंतर. आफ्रिकेतून आलेली शेकडो वर्षांची वेणी आणि श्रेय कोणाला. मला हे वाचताना आजही राग येतो.

तर तुमच्या सासूबाईंनी रिलॅक्सर कधी सुरू केला आणि तेव्हा त्या कुठे नोकरीला होत्या, हे दोन्ही एकत्र विचारा.

क्लिनिकवाली:

मी न्यू जर्सीत त्वचारोगाच्या क्लिनिकमध्ये काम करते, डॉक्टर नाही पण रोज हेच बघते, तेव्हा दुसऱ्या प्रश्नावर.

रिलॅक्सर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. त्यात एकतर सोडियम हायड्रॉक्साइड असतं, त्याला लाय म्हणतात, किंवा लाय नसलेला प्रकार ज्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन असतं. दोन्ही अतिशय अल्कलाइन. केसाच्या आत गंधकाचे जे बंध असतात, ज्यांच्यामुळे केस वळतो, ते तोडले जातात आणि परत जुळत नाहीत. म्हणून झालेला केस कायमचा सरळ, पण मुळातून येणारा नवा केस कुरळाच, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी मुळांना परत लावायचं, आणि जुना सरळ आणि नवा कुरळा जिथे भेटतात तिथेच केस तुटतो. मिनिटांचा हिशोब चुकला की टाळू भाजते. लावण्याआधी दोन दिवस डोकं खाजवायचं नाही असं प्रत्येक ब्लॅक मुलीला सांगितलेलं असतं, कारण ओरखडा असेल तिथे जास्त जळतं. नो लाय लिहिलेला डबा सौम्य असतो असा समज आहे, टाळूला थोडा कमी लागतो, पण केस जास्त कोरडे करतो.

कॅन्सरचं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सिस्टर स्टडीचा निष्कर्ष आला, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा. ३३,४९७ बायकांना सुमारे ११ वर्षं फॉलो केलं. ज्यांनी केस सरळ करायची रसायनं कधीच वापरली नाहीत त्यांना ७० व्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता १.६४ टक्के निघाली, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांना ४.०५ टक्के. यावर दोन गोष्टी, कारण पेशंट एकतर फार घाबरतात नाहीतर हसण्यावारी नेतात. एक, हा संबंध आहे, यानेच कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि चार टक्के म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणींना होत नाही. दोन, दुपटीहून जास्त वाढ ही लहान गोष्ट नाही, आणि वापरणाऱ्यांत ब्लॅक बायका सगळ्यात जास्त आणि त्यांची सुरुवातही लहान वयात होते. २०२३ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडीनेही पाळी गेलेल्या, वर्षानुवर्षं रिलॅक्सर वापरलेल्या बायकांमध्ये धोका वाढलेला दाखवला. कंपन्यांवर हजारो दावे पडलेत, ते शिकागोच्या फेडरल कोर्टात एकत्र चालू आहेत.

नऊ वर्षांच्या मुलीला मी लावणार नाही. माझी मुलगी असती तरी नाही.

पण आता दुसरी बाजू, कारण नॅचरल म्हणजे आपोआप सुरक्षित असं नाही. माझ्याकडे ज्या तरुण मुली कपाळावरचे केस गेले म्हणून येतात त्यातल्या कित्येकींनी आयुष्यात रिलॅक्सर लावलेला नाही, त्यांचे केस ओढून गेलेले असतात. घट्ट वेण्या, जड एक्स्टेन्शन्स म्हणजे वरून जोडलेले केस, गोंदाने चिकटवलेले विग, सतत तोच ताण, आणि मूळ एकदा मेलं की तिथे केस परत येत नाहीत. वेण्या घालून आल्यावर डोकं दुखतंय, भुवया वर ओढल्यासारख्या वाटतायत, कडेला बारीक पुटकुळ्या आल्यात तर त्या घट्ट आहेत, लगेच सोडायच्या, दोनशे डॉलर गेले तरी सोडायच्या. आणि वेण्यांमध्ये जे सिंथेटिक केस घालतात, त्यातले १० ब्रँड कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२५ मध्ये तपासले तर दहाहीमध्ये कॅन्सरशी जोडलेली रसायनं आणि ९ मध्ये शिसं सापडलं. लहान मुलीला शक्यतो तिच्या स्वतःच्याच केसांच्या वेण्या घाला.

सरळ_बोलतो:

सगळं वाचलं. मला प्रामाणिकपणे वाटतं आपण एवढ्याशा मुलीच्या डोक्यावर फार ओझं टाकतोय, दोनशे वर्षांचा इतिहास, कॅन्सर, कोर्ट. तिला हलणारे केस हवेत एवढंच तिचं म्हणणं आहे. केसच आहेत, वाढतात. तिला विचारा आणि तिला हवं ते करू द्या.

टेक्ससकर:

सरळ_बोलतो, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतं, पण केसच आहेत हे वाक्य मी माझ्या कामात फार वेळा ऐकलंय म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. मी ह्युस्टनजवळ एका कंपनीत एचआरमध्ये आहे.

२०१० मध्ये अलाबामात मोबाइल शहरात एका ब्लॅक बाईला नोकरीची ऑफर मिळाली आणि लॉक्स कापायला नाही म्हणाली म्हणून ती परत घेतली. सरकारच्या समान संधी आयोगाने तिच्या वतीने दावा लावला आणि २०१६ मध्ये अपील कोर्टातही हरले, कारण तेच १९८१ चं, केसांची ठेवण बदलता येते. अमेरिकन आर्मीने २०१४ च्या नियमात ट्विस्ट्स (बटा पिळून घातलेले पेड) आणि लॉक्सना बंदी घातली होती, एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी काही सूट द्यावी लागली, पण लॉक्सना परवानगी यायला २०१७ उजाडलं. म्हणजे केसच आहेत असं समोरचा मानत नव्हता, तो त्यावर पगार ठरवत होता.

हे बदललं ते क्राउन अ‍ॅक्टने. कॅलिफोर्नियात ३ जुलै २०१९ ला सही झाली, केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट्स यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव केला तर तो वंशभेद धरायचा. मग न्यूयॉर्क, न्यू जर्सी, आता वीसहून जास्त राज्यांत आहे. शेवंतीताई, तुमच्या मेरीलँडमध्ये २०२० पासून आहे, तेव्हा शाळेने काही म्हटलं तर हा कायदा दाखवा. आमच्या टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला. देशभराचा कायदा मात्र मार्च २०२२ मध्ये हाऊसमध्ये मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकला तो अडकलाच.

आम्ही ड्रेस कोडच्या कागदातून नीटनेटके केस हा शब्द काढला. लहान बदल वाटतो. पुढच्या काही महिन्यांत आमच्या अकाउंट्समधल्या तीन जणी वेण्या घालून यायला लागल्या, त्यातली एक पंधरा वर्षं जुनी, मी तिला कायम एकाच सरळ बॉबमध्ये बघितलं होतं आणि तो विग आहे हे मला माहीतच नव्हतं.

अवांतर, वेण्या घालणाऱ्या बायकांनाही कायद्याने छळलंय. डॅलसमध्ये आयसिस ब्रँटलीला १९९७ मध्ये लायसन्सशिवाय वेण्या घालते म्हणून अटक झाली. नंतर तिला ही कला शिकवायची होती तर न्हाव्याच्या शाळेचे नियम लावले, दहा खुर्च्या हव्यात, बेसिन हवीत, ज्या कामात केस धुवायचेच नसतात त्यासाठी. ती लढत राहिली, २०१५ मध्ये फेडरल कोर्टात जिंकली आणि त्याच वर्षी टेक्ससने वेण्यांसाठीचं लायसन्सच रद्द केलं.

मधुरा_ब्रुकलिन:

मला भाचीची बाजू मांडायचीये, तिची कोणी मांडत नाहीये.

मी सहा वर्षं ब्रुकलिनमध्ये एका ब्लॅक मैत्रिणीबरोबर राहिले. तिचे केस अगदी घट्ट वळणाचे, ज्याला फोर सी म्हणतात, आणि धुण्याचा दिवस म्हणजे खरंच दिवस. आधी तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी गुंता काढायचा, मग भाग पाडून धुवायचं, मग परत कंडिशनर, मग क्रीम, मग एकेक बट पिळून ट्विस्ट घालायचे, वाळायला रात्र, झोपताना सॅटिनचं बॉनेट, म्हणजे टोपी. असे केस कोरडे का पडतात तर केस प्रत्येक वळणावर वाकलेला, डोक्यातलं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, आणि प्रत्येक वळण म्हणजे तुटायची एक जागा. आणि एवढं सगळं करून नॅचरल केसांच्या जाहिरातीत दिसते कोण तर मोठमोठ्या सैल कुरळ्यांची मुलगी. माझी मैत्रीण म्हणायची, आधी मला सांगत होते सरळ कर, आता सांगतात नॅचरल ठेव पण तो वेगळा नॅचरल.

२००८ ते २०१३ मध्ये रिलॅक्सरची विक्री पाव हिश्श्याने उतरली असं मिंटेल या बाजार संशोधन कंपनीच्या आकड्यांत आलं होतं, ती तुमच्या नणंदेची लाट. त्या बायकांनी एकमेकींना व्हिडिओ बघून शिकवलं कारण त्यांच्या आयांनाच स्वतःचे केस कसे वागतात ते माहीत नव्हतं, आठव्या वर्षापासून कधी बघितलेच नव्हते. भाचीला ते सगळं आयतं मिळालं. तिच्यासाठी नॅचरल हे बंड नाही, घरचं काम आहे. म्हणून ती आज वेण्या, उद्या विग, परवा सिल्क प्रेस करते. रिलॅक्सरचं वर क्लिनिकवालींनी लिहिलंय ते तिला जरूर वाचायला द्या, पण ती स्वतःच्या केसांचा द्वेष करते असं नणंदेने समजू नये असं मला फार वाटतं.

विगबद्दल एक, विग म्हणजे लपवाछपवी असं नाही, खाली केसांना विश्रांती असते. जाता जाता, ब्लॅक वस्तीतल्या केसांच्या मालाची दुकानं इतकी कोरियन लोकांची का हे मला नेहमी कोडं वाटायचं. १९६६ मध्ये अमेरिकेने चीनच्या केसांचे विग आणायला बंदी घातली, कम्युनिस्ट देश म्हणून, आणि दक्षिण कोरिया पुढे आला. मग इथे आलेल्या कोरियन लोकांनी तोच माल विकायला दुकानं टाकली आणि ती साखळी टिकली. मैत्रीण म्हणायची माझ्या डोक्यावर पैसे सगळे कमावतात.

आणि ताई, लेकीचं. हलणारे केस हवेत ना? वेण्या हलतात. टोकाला मणी घाला, हलतात आणि वाजतातही.

शेवंती:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे उशिरा लिहितेय.

जुनी_वही, पैज जिंकलात. सासूबाईंकडे गेले आणि नुसतं विचारलं की कॉलेजात असताना तुमचे केस कसे होते. आतून एक डबा आणला. १९७१ चा फोटो, हा एवढा मोठा अ‍ॅफ्रो, कानात रिंगा, माझ्या लेकीचंच तोंड. मग १९७८ ला बँकेत काउंटरवर लागल्या आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजरने बाजूला घेऊन सांगितलं, केस नीट करून ये. पगाराआधी उसने पैसे घेऊन रिलॅक्सर केला. हे त्यांनी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं. मला म्हणाल्या, तिला माझ्यासारखं कोणी बाजूला घेऊ नये म्हणून मी मागे लागले होते. मग मी टेक्ससकरांनी लिहिलेल्या कायद्याचं सांगितलं, मेरीलँडचं २०२० चं. त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या सुप्रीम कोर्टाची पहिली ब्लॅक महिला न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन, तिच्या नेमणुकीची सुनावणी मी टीव्हीवर पूर्ण बघितली होती, चार दिवस, आणि तिच्या लॉक्सवरून नजर हटत नव्हती.

क्लिनिकवालींचा प्रतिसाद मी भाचीला पाठवला, नणंदेला मधुराचा. त्यांचं आपसात काय झालं ठाऊक नाही, पण रविवारी दोघी एकत्र आल्या होत्या. भाचीने रिलॅक्सर तूर्त पुढे ढकललाय, करणारच नाही असं म्हणालेली नाही.

लेकीला शनिवारी वेण्या घालायला नेतेय. मोठ्या, सैल, तिच्याच केसांच्या, टोकाला पिवळे आणि पांढरे मणी, रंग तिने निवडलेत. सासूबाई म्हणाल्या मी पण येते, वेणी ओढली तर ती घालणाऱ्या मुलीला मी सांगेन, तुला कळणार नाही.